‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ : नायकाचा इतका राग येऊनही ही प्रेमकथा मनातून का जात नाही?

ओसरी

नमस्कार.

लाउरा एस्किवेल या मेक्सिकन लेखिकेची ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ ही कादंबरी अलीकडेच इंग्रजी अनुवादातून वाचली. मूळ स्पॅनिश पुस्तक १९८९ सालचे आणि इंग्रजी अनुवाद १९९२ सालचा, म्हणजे मी बरीच उशिरा तिच्यापर्यंत पोहोचले. पण ती मनातून जायला तयार नाही आणि का जात नाही हे माझे मलाच उलगडत नाही, म्हणून या चर्चामंचावरच्या वाचकांना विचारते आहे. पुढे कथानक अगदी शेवटापर्यंत उघड झाले आहे. ज्यांना पुस्तक कोऱ्या मनाने वाचायचे असेल त्यांनी आधी ते वाचावे.

ज्यांचे वाचन जुने झाले असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा काळ आहे, मेक्सिकोच्या उत्तर सीमेवरचे पिएद्रास नेग्रास हे गाव आहे आणि त्याच्या जवळ दे ला गार्सा घराण्याचा रँच आहे. धाकट्या मुलीने लग्न करायचे नाही, आई मरेपर्यंत तिची सेवा करायची, असा या घरचा दंडक. धाकटी तिता. तिला मागणी घालायला आलेल्या पेद्रोला तिची आई, म्हणजे ममा एलेना, साफ नकार देते आणि वर तितापेक्षा दोन वर्षांनी मोठी असलेली रोसाउरा पुढे करते. पेद्रो हो म्हणतो. तिताच्या जवळ राहायला मिळावे म्हणूनच आपण हे लग्न करत आहोत, असे त्याचे म्हणणे. या सौद्यावर घरातली मोलकरीण चेंचा जे बोलते ते मला फार आवडले: टाको मागितले म्हणून त्यांच्या जागी एन्चिलाडा पुढे सरकवायचे, असे कुठे असते का?

पुस्तकाची बारा प्रकरणे म्हणजे बारा महिने, आणि प्रत्येक महिन्याला एक पाककृती. ही पाककृती चौकटीत वेगळी छापून लेखिका मोकळी झालेली नाही. कांदा चिरता चिरता गोष्ट सुरू होते, पीठ मळता मळता पुढे सरकते आणि पुन्हा ओट्याशी येते. फेब्रुवारीच्या प्रकरणात तिताला त्याच पेद्रोच्या लग्नाचा केक करावा लागतो. मूळ प्रमाण सतरा अंड्यांचे आणि पाहुणे एकशे ऐंशी, म्हणून एकशे सत्तर अंडी फोडायची. तिचे अश्रू त्या केकमध्ये पडतात. म्हातारी स्वयंपाकीण नाचा चव घेऊन पाहते, तिला चवीत काही फरक जाणवत नाही. पण दुसऱ्या दिवशी केकचा घास पोटात गेला, की एकेका पाहुण्याला आपले हुकलेले प्रेम आठवते. आधी रडे कोसळते आणि मग सगळे वऱ्हाड ओकत सुटते. हा प्रसंग मी हसत वाचायला घेतला आणि शेवटी नाचा आपल्या जुन्या वाग्दत्त वराचे चित्र छातीशी धरून मेलेली सापडते, तिथे हसू जागच्या जागी थांबले.

आता माझी अडचण सांगते. ही प्रेमकथा आहे आणि मला तिचा नायक अजिबात आवडला नाही. पेद्रो आधी तिताच्या बहिणीशी लग्न करतो, मग त्याच छपराखाली राहून तिच्याकडे टक लावून बघतो, आणि ती दुसऱ्या कोणाशी लग्न करू पाहते तेव्हा मत्सराने जळतो. याच्या उलट डॉ. जॉन ब्राउन. आईच्या माराने नाक मोडलेली, कबुतरखान्यात जाऊन बसलेली, बोलणेच सोडलेली तिता तो सीमेपलीकडे अमेरिकेत ईगल पास इथे आपल्या घरी नेतो, कसलीही घाई न करता तिची शुश्रूषा करतो, आणि पुढे तिने पेद्रोशी आलेला संबंध कबूल केल्यावरही निर्णय तिच्यावरच सोपवतो. तिने जॉनला निवडावे म्हणून मी अक्षरशः पानांशी भांडत होते. लेखिकेने मात्र शेवटची आग पेद्रोच्या पदरात टाकली.

आणि तरीही पुस्तक मिटवताना फसवले गेल्याची भावना नव्हती; मी भारावले होते. नायकाबद्दल एवढा राग आणि कादंबरीबद्दल एवढी ओढ एकाच वेळी कशी असू शकते? जादुई वास्तववादाच्या (रोजच्या जगण्यात चमत्कार सहज मिसळून सांगण्याच्या शैलीच्या) नावाखाली लेखिकेने मला गुंगी दिली, की या रागालाही कादंबरीत काही जागा आहे? ज्यांनी ती एकाहून अधिक वेळा वाचली आहे त्यांचे मत ऐकायला आवडेल.

तळटीप

तुमच्या रागाला कादंबरीत जागा आहे, आणि ती लेखिकेने हेतुपुरस्सर ठेवलेली आहे असे माझे मत आहे.

जादुई वास्तववादाबद्दल बोलताना आपण बहुधा ‘काहीही घडू शकते’ असे म्हणून मोकळे होतो. या कादंबरीत काहीही घडत नाही. इथल्या चमत्कारांना एक कडक शिस्त आहे: जिथे बोलायला बंदी आहे तिथेच ते घडतात. तिताला आईसमोर ‘नाही’ म्हणता येत नाही, बहिणीला जाब विचारता येत नाही, पेद्रोला चारचौघांत हाक मारता येत नाही. जे तोंडातून बाहेर पडू शकत नाही ते हातातून अन्नात उतरते आणि खाणाऱ्याच्या अंगात जाऊन बोलते. मार्चच्या प्रकरणातला लावे पक्ष्यांचा प्रसंग आठवून पाहा. तिताने स्वयंपाकघर सांभाळायला घेतल्याला वर्ष झाले म्हणून पेद्रो तिला गुलाब देतो आणि आई ते फेकून द्यायला सांगते. तिता फुले छातीशी इतकी घट्ट धरते की काटे रुततात आणि गुलाबी पाकळ्या रक्ताने लाल होतात. मग मेलेल्या नाचाचा आवाज तिच्या कानात एक जुनी पाककृती सांगतो. ती खरी तितरांच्या जातीतल्या एका मोठ्या पक्ष्याची, पण तो रँचवर नसतो, म्हणून लावे मारले जातात आणि पाकळ्यांचा रस्सा ताटात येतो. हे जेवण म्हणजे तिताने पेद्रोला लिहिलेले पत्रच; मात्र ते सगळ्या टेबलाला वाचायला मिळते. रोसाउराला मळमळते. दुसरी बहीण हेर्त्रूदिस अशी पेटते, की अंगावर पाणी घ्यायला ती न्हाणीत शिरते तर तिच्या अंगाच्या उष्णतेने न्हाणीच्या लाकडी फळ्याच पेट घेतात, आणि गुलाबांच्या वासाच्या मागावर दौडत आलेला क्रांतिसैनिक हुआन तिला घोड्यावर उचलून घेऊन जातो.

आता त्याच क्षणी पेद्रो काय करतो ते पाहा. तो आणि तिता अंगणात उभे राहून हे दृश्य बघत असतात. त्या घटकेला त्याने ‘चल’ म्हटले असते तर तिता क्षणाचाही विचार न करता निघाली असती, असे निवेदिका आपल्याला स्पष्ट सांगते. पेद्रो सायकलवर बसतो आणि रागारागाने पायडल मारत निघून जातो. एका स्त्रीला घोडा न्यायला येतो आणि दुसरीच्या वाट्याला ही सायकल! इतके उघड विडंबन केल्यावर लेखिका पेद्रोवर भाळलेली आहे असे मला म्हणवत नाही.

पेद्रोवर बोलायची बंदी कधीच नव्हती, ही यातली मुख्य गोष्ट. तो पुरुष आहे, त्याला तोंड आहे, पाय आहेत, रँचचे फाटक त्याला उघडे आहे. म्हणूनच त्याच्या हातून एकही चमत्कार घडत नाही. ज्याला साधे वाक्य बोलून जे मिळाले असते ते मिळवण्यासाठी तो वीस वर्षे गप्प राहिला, त्याचा वाचकाला राग येणार नाही तर काय होईल? जॉनच्या घरीही चमत्कार फारसे नाहीत, पण त्याचे कारण वेगळे आहे. तिथे तिताला काही लिहावेसे वाटले तर भिंत मिळते, बोलावेसे वाटले तर ऐकणारा मिळतो. तिथे जादूची गरजच पडत नाही.

आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांची इथे आठवण होते, पण साम्य शोधताना फरक विसरू नये. सासरी जे सांगता येत नाही ते बाई जात्यापाशी सांगते आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या बाईला ते कळते, म्हणजे तिथे ऐकणारी समजून ऐकते. तिताचे जेवण जेवणाऱ्यांना आपल्याला काय सांगितले गेले आहे याचा पत्ताही नसतो. तिचे एकटेपण त्यामुळे मला जास्त भयंकर वाटते.

टेक्सासवासी

मी या गावांपासून काही तासांच्या अंतरावर राहतो, त्यामुळे कादंबरीतल्या वास्तवाच्या बाजूबद्दल थोडे लिहितो. जादूवर तळटीप यांनी पुरेसे लिहिले आहे.

पिएद्रास नेग्रास आणि ईगल पास ही समोरासमोरची गावे आहेत आणि मधून एकच नदी वाहते, जिला इकडे रिओ ग्रांदे आणि तिकडे रिओ ब्राव्हो म्हणतात. त्यामुळे तिताला जॉनच्या घरी नेणे म्हणजे फार दूर कुठे नेणे नव्हे. एका बाजूला आईचे राज्य आणि दुसऱ्या बाजूला तिच्या हुकुमाची हद्द संपलेली, एवढेच अंतर. जॉनची आजी किकापू या मूळ अमेरिकन जमातीची दाखवली आहे, हीसुद्धा लेखिकेची हौस म्हणून आलेली गोष्ट नाही. किकापू लोकांची वस्ती आजही कोआविला राज्यात मुस्किस गावाजवळ आहे आणि सीमेच्या अलीकडे ईगल पासच्या बाजूलाही आहे. पेद्रोचे आडनाव मुस्किस आहे, हे तिथला नकाशा बघताना माझ्या लक्षात आले. (जाता जाता सांगायला हरकत नाही की आज जगभर खाल्ले जाणारे नाचोज १९४३ साली याच पिएद्रास नेग्रासमध्ये इग्नासिओ अनाया नावाच्या गृहस्थांनी प्रथम केले. कादंबरीशी त्याचा संबंध नाही, पण तिताच्या गावाला हे शोभते.)

मला महत्त्वाची वाटते ती क्रांती. १९१० साली मेक्सिकोत यादवी सुरू झाली आणि तिचे दोन मोठे पुढारी, मादेरो आणि कारांसा, याच कोआविला राज्यातले होते. म्हणजे ही कथा क्रांतीच्या अगदी उंबरठ्यावर घडते. सैन्ये येतात, धान्य आणि कोंबड्या नेतात. बाळाची दाई भटक्या गोळीने मरते, आणि म्हणूनच रोसाउराच्या मुलाला पाजण्याची वेळ तितावर येते. कुमारिकेला पान्हा फुटण्याचा तो चमत्कार त्या गोळीच्या जोरावर उभा आहे. हेर्त्रूदिस क्रांतीत सामील होऊन पुढे सेनानी म्हणून परत येते, पन्नास माणसांच्या तुकडीसह. यात अतिशयोक्ती फारशी नाही, कारण त्या युद्धात बायका खरोखरच लढल्या होत्या आणि काहींनी हुद्देही मिळवले होते.

आणि पेद्रो? देश उलटापालटा होतो आहे, शेजारचे पुरुष कुणा ना कुणाच्या बाजूने लढायला निघून जात आहेत, जुने सगळे दंडक मोडीत निघत आहेत, आणि या गृहस्थाला सासूने घातलेला एक दंडक मोडता येत नाही. ओसरी यांना त्याचा राग आला याचे मला नवल वाटत नाही. पण तो फक्त प्रियकर म्हणून कच्चा आहे असे म्हणून सोडून देऊ नये. चुलीपाशी बसलेली तिता त्याच्यापेक्षा जास्त बंडखोर ठरावी, यासाठीच ही क्रांती कादंबरीच्या कुंपणाबाहेर सतत धुमसत ठेवली आहे असे मला वाटते.

उलटतपासणी

वरची दोन्ही उत्तरे वाचली, पटलीही, पण पुस्तकाच्या बाजूने चाललेल्या या दिंडीत मी सामील होऊ शकत नाही. माझी तक्रार पेद्रोबद्दल नाही, रोसाउराबद्दल आहे.

या बाईचा गुन्हा काय? तिला आईने पुढे केले आणि ती पुढे झाली. तिला ठाऊक आहे की नवऱ्याचे मन आपल्या बहिणीवर आहे. घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. तिचे पहिले मूल टेक्सासमधल्या सान अंतोनिओ शहरात मरते, कारण तिताच्या हातचे अन्न आणि दूध तिथे त्याला मिळत नाही. म्हणजे त्या मरणाचा ठपकाही कादंबरी अप्रत्यक्षपणे तिच्याच रिकाम्या स्तनांवर ठेवते. मग लेखिका तिला शिक्षा करायला घेते ती शरीरावरून. ती लठ्ठ होते, तिच्या तोंडाला दुर्गंध येतो, पोटात वायू धरतो, नवरा दुसऱ्या खोलीत झोपू लागतो आणि अखेर ती पोटाच्या विकाराने मरते. अंत्ययात्रेलाही फारसे कोणी येत नाही, कारण मेल्यावर तो वास आणखी वाढलेला असतो. तिताच्या शरीरातून दूध, अश्रू आणि सुगंध बाहेर पडतो आणि रोसाउराच्या शरीरातून दुर्गंधीच तेवढी. जादूची शिस्त वगैरे ठीक आहे, पण ती शिस्त इतकी पक्षपाती असेल तर तिला न्याय म्हणू नये.

हेर्त्रूदिसचे तेच. तिचे वडील वेगळे होते, ममा एलेनाच्या तरुणपणीच्या निषिद्ध प्रेमाची ती मुलगी, आणि त्या माणसात काळ्या वंशाचे रक्त होते, हे आपल्याला मागाहून पेटीतल्या पत्रांवरून कळते. एवढे कळल्याबरोबर हेर्त्रूदिसच्या नृत्यातल्या तालाचा आणि अंगातल्या आगीचा उलगडा त्या रक्ताने केला जातो. एखाद्या जुन्या मासिकातल्या गोष्टीत हे खपले असते. मूळ पुस्तकाच्या उपशीर्षकात ‘मासिक हप्त्यांची कादंबरी’ असे म्हटले आहे आणि जुन्या बायकांच्या मासिकांची ही थट्टा आहे असे तिचे समर्थक सांगतात. थट्टा करताना त्या मासिकांचे पूर्वग्रहही उचलून आणले, तर थट्टा कोणाची झाली?

चेंचावर दरोडेखोर बलात्कार करतात. तो प्रसंग कादंबरी किती भराभर उरकते आणि पुढे ‘आता माझ्याशी कोण लग्न करणार’ या तिच्या काळजीत किती हलका रंग भरते, हेही एकदा पुन्हा वाचून पाहावे. तिताच्या एका आसवासाठी पानेच्या पाने, आणि मोलकरणीसाठी काही ओळी.

ओसरी

उलटतपासणी यांचा रोसाउराबद्दलचा मुद्दा मला टोचला. वाचताना मी तिच्यावर हसले होते, आणि लेखिकेने मला हसवले होते, हेही खरे. तुमचे उत्तर वाचून ती प्रकरणे पुन्हा उघडली. एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. रोसाउराला खलनायिका करते ते तिचे शरीर नाही. आपली मुलगी एस्पेरान्सा हिनेही लग्न न करता आपली सेवा करायची असे ती ठरवते, तिथे ती खलनायिका होते. ज्या दंडकाखाली तिचीही फरफट झाली तोच ती पुढच्या पिढीवर लादू पाहते. तेवढ्यापुरता तिताचा तिच्यावरचा संताप मला रास्त वाटतो. दुर्गंधीचे काम लेखिकेने केले नसते तरी चालले असते, हे मान्य.

चेंचाबद्दल तुम्ही म्हणता ते खोडता येत नाही.

चुलाणे

चर्चेत उशिरा येते आहे. माझी चाळीस वर्षे स्वयंपाकघरात गेली, त्यामुळे मी हे पुस्तक हात बघत वाचले, म्हणजे लेखिकेचे हात.

तिला स्वयंपाक येतो, हे पहिल्या पानावर कळते. नोव्हेंबरच्या प्रकरणात तिता सकाळपासून घेवड्याचे दाणे शिजत ठेवते आणि ते काही केल्या शिजत नाहीत, टणकच राहतात. तिला आठवते की घरात भांडण झाले तर पदार्थ शिजत नाही असे नाचा म्हणायची, आणि रोसाउराशी तिचे नुकतेच कडाक्याचे वाजलेले असते. मग ती भांड्यापाशी उभी राहून त्या दाण्यांना गाणे म्हणते. ते शिजतात. अशा समजुती ज्या घरांत अजून पाळल्या जातात तिथल्या बाईला यात चमत्कार असा काही दिसणारच नाही. माझ्या सासूबाई लोणचे भरताना घरात कोणाला मोठ्याने बोलू देत नसत.

डिसेंबरमध्ये अक्रोडाच्या रश्श्यातल्या मिरच्या आहेत. मोठ्या हिरव्या मिरच्या भाजून सोलायच्या, आत मांस, मनुका, बदाम आणि फळांचे सारण भरायचे, वर ताज्या अक्रोडाचा पांढरा रस्सा आणि त्यावर डाळिंबाचे दाणे. हिरवा, पांढरा, लाल, म्हणजे मेक्सिकोचा झेंडा. अक्रोड ओले असताना त्यांची आतली पातळ साल एकेक करून काढावी लागते, नाहीतर रस्सा कडू होतो, आणि ते काम किती रटाळ आहे हे तिने लपवलेले नाही. १८२१ साली स्वातंत्र्याच्या वेळी पुएब्ला शहरातल्या जोगिणींनी हा पदार्थ इतुर्बिदे या सेनापतीसाठी केला, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. खरे तर ओले अक्रोड आणि डाळिंबे मिळतात तो ऑगस्ट-सप्टेंबरचा हंगाम असतो. कादंबरीत मात्र तो पदार्थ शेवटच्या महिन्यात आला आहे. स्वातंत्र्याचा पदार्थ शेवटच्या पंगतीला हवा होता, एवढेच कारण मला सुचते. ती पंगत एस्पेरान्साच्या लग्नाची आहे. म्हणजे दंडक तिथे मोडलेला आहे.

आता ओसरी यांच्या मूळ प्रश्नाकडे येते. शेवटची आग पेद्रोच्या पदरात टाकली असे तुम्ही म्हणता. मला तसे वाटत नाही. जूनचे प्रकरण पुन्हा काढा. त्यात पाककृतीच्या जागी आगकाड्या करण्याची कृती आहे आणि ती सांगणारा आहे जॉन. तोच तिताला आपल्या किकापू आजीचा विचार सांगतो, की प्रत्येकाच्या आत जन्मतःच एक आगपेटी असते, पण तिच्यातली काडी आपली आपल्याला पेटवता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या कुणाचा श्वास लागतो आणि एखादे अन्न, संगीत, स्पर्श किंवा शब्द ज्योत होऊन यावा लागतो. सगळ्या काड्या एकदम पेटल्या तर इतका लख्ख उजेड होतो की माणसाचा जीव त्या वाटेने निघून जातो, म्हणून एकेक करून पेटवाव्यात, असा इशाराही त्यात आहे.

आता शेवट पाहा. दोघे प्रथमच मोकळेपणाने एकत्र येतात आणि पेद्रो त्या सुखातच मरतो. त्याच्या सगळ्या काड्या एकदम पेटल्या, आणि तो नेहमीप्रमाणे तिला मागे टाकून गेला. तिता थंडीने कुडकुडत अंधारात उरते. वर्षानुवर्षांच्या रात्री जागून विणलेली ती अजस्र चादर अंगावर ओढून घेते, तरी ऊब येत नाही. मग ती काय करते? पेटीतल्या काड्या काढून एकेक करून खाते. खाताना पेद्रोच्या आठवणी जागवते आणि एकेक काडी आत पेटत जाते. श्वास द्यायला आता कोणी नाही. स्वतःची काडी स्वतःला पेटवता येत नाही, हा आजीचा नियम ती बाई तिथे मोडते, आणि कशाने, तर खाण्याने, म्हणजे तिला जे सगळ्यात चांगले येत होते त्याने. पेद्रो तोपर्यंत नुसती आठवण झालेला आहे. सगळा रँच जळतो, आणि राखेखाली तिची पाककृतींची वही तेवढी शाबूत राहते. ती मिळते एस्पेरान्साला, आणि आपण जी गोष्ट वाचत असतो ती सांगणारी एस्पेरान्साची मुलगी. या वारशात पेद्रोचा वाटा काय, हे शोधून पाहा. मला सापडला नाही.

जॉनचा वाटा मात्र आहे. काडीचे ज्ञान त्याच्या घरचे.

तळटीप

चुलाणे यांनी काडी खाण्याबद्दल जे लिहिले ते माझ्या नजरेतून निसटले होते. माझ्या मुद्द्यात त्यामुळे एक भर पडते. पूर्ण कादंबरीभर तिताने रांधले ते दुसऱ्यांनी खाल्ले आणि परिणाम दुसऱ्यांच्या अंगात झाला. तिच्या आयुष्यातले शेवटचे खाणे ती एकटी, स्वतःसाठी खाते.

मात्र हा शेवट वाचताना उलटतपासणी यांचा आक्षेप मला अधिकच बोचतो. अशी वही रोसाउराच्या वाट्याला आली असती तर तिने काय रांधले असते, हा प्रश्न लेखिकेला कधी पडलेला दिसत नाही.

ओसरी

सर्वांचे आभार. पेद्रोवरचा माझा राग कमी झालेला नाही, पण आता तो शेवटच्या प्रकरणाच्या आड येत नाही. चित्रपट (१९९२, दिग्दर्शक आल्फोन्सो आराउ) अजून पाहिलेला नाही. पटकथा लेखिकेचीच आहे हे माहीत आहे. ज्यांनी पाहिला आहे त्यांनी एवढेच सांगावे: अंगणातली ती सायकल पडद्यावर राहिली आहे का? ती गाळली असेल तर मी थोडी थांबेन म्हणते.